हाताळण्यासाठी रंगवलेले सैन्य

लढाईच्या टेबलावर मांडायचे सैन्य रंगवताना वॉर्निशचा हात सगळ्यांत शेवटी फिरतो, आणि म्हणून त्याचा विचारही बहुधा सगळ्यांत शेवटी होतो. या पुस्तकात तो पहिल्याच प्रकरणात केला आहे. त्यामागे एक निश्चित भूमिका आहे आणि ती वाचकापुढे मांडणे हेच या प्रस्तावनेचे काम. वॉरगेमसाठी रंगवलेली पुतळी ही पाहण्याइतकीच हाताळण्याची वस्तू आहे. ती डब्यातून निघते, टेबलावर उभी राहते, प्रत्येक फेरीत दोन बोटांच्या चिमटीत उचलून पुढे सरकवली जाते, मारली गेली की बाजूला आडवी होते आणि खेळ संपला की पुन्हा डब्यात जाते. रंग किती गडद घ्यायचा, छटा किती चढवायच्या, वेळ कुठे घालवायचा आणि कुठे वाचवायचा, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे या वापरातून निघतात. जो वॉर्निश लावतो, तो या वस्तूला माणसांचे हात लागणार आहेत हे मान्य करतो. माझे म्हणणे असे की सैन्य रंगवणे ही प्रदर्शनातल्या एकट्या पुतळीच्या रंगकामाची उरकून टाकलेली प्रत नव्हे. या कामाला स्वतःचे नियम आहेत, स्वतःची कसोटी आहे आणि त्या कसोटीतून येणारे स्वतःचे सौंदर्य आहे.

ज्यांना हा छंद नवा आहे त्यांच्यासाठी आधी त्याची ओळख. दिवाळीत मातीच्या किल्ल्यावर रंगीत मावळे मांडणाऱ्या मराठी वाचकाला छोटे सैन्य मांडण्यातला आनंद समजावून सांगायला नको. इथे त्या मांडणीला नियमांची जोड मिळते. दोन खेळाडू आपापले सैन्य समोरासमोर उभे करतात, मोजपट्टीने अंतर मोजून तुकड्या हलवतात आणि फासे टाकून झुंजींचा निकाल लावतात. ऐतिहासिक लढाया खेळणारे आहेत, तसेच बुटके, ऑर्क, हाडांचे सापळे, ड्रॅगन आणि जादूगार यांच्या काल्पनिक फौजा लढवणारेही आहेत. हे पुस्तक दुसऱ्या प्रकाराविषयी आहे. पुतळ्या साधारण २८ ते ३२ मिलिमीटर उंचीच्या, आज बहुतांश पॉलिस्टायरिन प्लॅस्टिकच्या, काही रेझिनच्या, काही धातूच्या. त्या सुट्या भागांत आणि बिनरंगी येतात. जोडणे, अस्तर देणे, रंगवणे आणि वॉर्निश करणे हे सारे घेणाऱ्याने करायचे असते. या खेळात प्रत्यक्ष लढाईत जाणाऱ्या तासांपेक्षा ब्रश हातात धरून गेलेले तास पुष्कळदा जास्त भरतात.

वापर आणि रंगकाम यांचे नाते या छंदाच्या इतिहासात पहिल्यापासून आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ यांचा 'क्रीगस्पील' हा युद्धखेळ शिकवला जाऊ लागला तेव्हा नकाशावर लाल आणि निळे ठोकळे सरकवले जात. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाला पुतळ्यांची गरज नव्हती. पुतळ्या आल्या त्या खेळण्यांच्या वाटेने. न्यूरेंबर्गमध्ये कथलाचे चपटे शिपाई बनत होते. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने आतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतायला सुरुवात केली आणि ही खेळणी स्वस्त झाली. ते शिपाई रंगवण्याचे काम मुख्यतः स्त्रियांचे होते. गणवेशाचा लाल, विजारीचा निळा, चेहऱ्यावर गुलाबी ठिपका, आणि सगळ्यावर चकाकी. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' लिहिले ते याच जातीच्या शिपायांसाठी. त्यांच्या खेळात स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी दंडगोल सुटत आणि शिपाई खरोखरच कोलमडून पडत. असे शिपाई चकचकीत रंगाचे असणे हा अभिरुचीचा दोष नव्हता. जमिनीवर आपटणाऱ्या, मुलांच्या मुठीत दाबल्या जाणाऱ्या वस्तूला सोसेल असा तो रंग होता. वस्तूचा वापर कसा होणार हे कारखान्यातल्या त्या रंगवणाऱ्या हातांनी आधीच हिशेबात धरले होते.

काल्पनिक सैन्ये नंतर आली. १९७१ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचे नियम छापले आणि त्याला जादू व राक्षस यांची पुरवणी जोडली. तिच्यातूनच पुढे १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' उभे राहिले. इंग्लंडमध्ये १९७५ साली स्थापन झालेल्या गेम्स वर्कशॉपने त्या दशकाच्या अखेरीस सिटाडेल मिनिएचर्स ही पुतळ्या ओतणारी शाखा काढली. ब्रायन अ‍ॅन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली यांचा 'वॉरहॅमर' १९८३ साली आला, तर प्रीस्टली यांचा 'वॉरहॅमर ४०,०००' हा दूरच्या भविष्यातला खेळ १९८७ साली. त्याच वर्षी 'गोल्डन डेमन' ही रंगकामाची स्पर्धा सुरू झाली. आज नॉटिंगहॅम आणि त्याच्या आसपास पुतळ्या बनवणाऱ्या इतक्या कंपन्या आहेत की त्या पट्ट्याला या व्यवसायातले लोक 'लेड बेल्ट' म्हणतात. वॉरहॅमरच्या वाढीच्या काळात एक बदल झाला, जो माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. गेम्स वर्कशॉपच्या ''एव्ही मेटल' या घरच्या रंगकार चमूने रंगवलेल्या पुतळ्यांची छायाचित्रे 'व्हाइट ड्वार्फ' मासिकात, नियमांच्या पुस्तकांत आणि खोक्यांच्या दर्शनी बाजूवर झळकू लागली. छायाचित्रात अंगठ्याएवढी पुतळी तळहाताएवढी होते. कॅमेरा तिच्या डोळ्यांतली बाहुली दाखवतो, पट्ट्याच्या बकलावरची बारीक रेघ दाखवतो. नवशिका हे छायाचित्र समोर ठेवतो आणि आपल्या पुतळीला त्याच अंतरावरून तपासतो. हा मापदंड टेबलाचा नाही, छपाईचा आहे. सैन्य अर्धवट राहण्यामागचे मोठे कारण मला यातच दिसते.

मग टेबलाचा मापदंड कोणता? त्याचे तीन घटक आहेत: अंतर, संख्या आणि स्पर्श. आधी अंतराकडे पाहू. पूर्ण वाढीचा माणूस सुमारे १७० सेंटिमीटर उंच आणि पुतळी २८ मिलिमीटर धरली, तर प्रमाण साधारण साठास एक पडते. टेबलाशी उभा राहिलेला खेळाडू आपल्या सैन्याकडे ६० सेंटिमीटरवरून पाहतो, म्हणजे जणू छत्तीस मीटरवर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहतो. तेवढ्या अंतरावरून माणसाच्या डोळ्यांचा रंग कळत नाही. कळते ती त्याच्या अंगावरच्या कपड्यांची ठळक रंगसंगती, हातातले शस्त्र आणि उभे राहण्याची ढब. शिल्पकारांना हे ठाऊक असते, म्हणून या पुतळ्यांची डोकी, हात आणि तलवारी प्रमाणापेक्षा मोठ्या घडवलेल्या असतात. रंगकारालाही तेच करावे लागते, कारण पुतळी लहान झाली तरी तिच्यावर पडणारा उजेड लहान होत नाही. खऱ्या झग्याच्या चुणीत सावली साचते. एक मिलिमीटर खोल चुणीत खोलीतला उजेड सहज शिरतो आणि सावली पुसून टाकतो. ती सावली पातळ गडद वॉशने घालावी लागते, आणि उंचवट्यावरचा उजेडही फिकट रंगाने काढावा लागतो. आधी काळे अस्तर देऊन वरच्या बाजूने पांढऱ्याचा फवारा मारण्याची पद्धत याच गरजेतून रुळली. जवळून भडक वाटणारा हा विरोध दोन फुटांवरून बरोबर बसतो. जवळून अतिशय मुलायम वाटणारी छटांची गुंफण त्याच अंतरावरून करड्या गोळ्यासारखी दिसू शकते.

दुसरा घटक संख्या. जुन्या वॉरहॅमरमध्ये पाच जणांच्या चार रांगा असा वीस शिपायांचा गट नेहमीचा होता, आणि अशा चार-पाच तुकड्या, घोडदळ, सेनापती व एखादा राक्षस मिळून शंभराच्या घरात पुतळ्या जात. एका पुतळीला एक तास धरला तर शंभर तास होतात. रोज एक तास बसणाऱ्याचे तीन महिन्यांहून अधिक. तीच पुतळी पाच तासांची केली तर हिशेब दीड वर्षाच्या जवळ जातो आणि तोवर बहुतेकांचा उत्साह आटतो. म्हणून सैन्य रंगवणारा एकेक पुतळी पुरी करत नाही. दहा पुतळ्या एका ओळीत घेऊन सगळ्यांचे चामडे, मग सगळ्यांचे कापड, मग सगळ्यांचे धातू असे तो रंगवत जातो. यात ब्रश धुण्याचा, रंग पातळ करण्याचा वेळ वाचतो, आणि हाताला एकच हालचाल पुन्हा पुन्हा करून वळण लागते. त्याहून मोठा लाभ दृश्याचा आहे. तुकडी हीच पाहायची वस्तू असल्यामुळे डोळा एकेका शिपायाला थांबून पाहत नाही. रांगेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्याच लाल ढालीची लय त्याला भावते. दोन मुख्य रंग, एक उठाव देणारा रंग, आणि सगळ्या तळव्यांवर, म्हणजे पुतळ्या ज्यांवर उभ्या असतात त्या बैठकांवर, एकसारखी माती, एवढ्याने वीस वेगवेगळ्या पुतळ्यांची एक तुकडी होते. कुठे वेळ द्यायचा हेही रांगच सांगते. पहिल्या रांगेतले पाच चेहरे सतत दिसतात, मधल्यांच्या फक्त शिरस्त्राणांचे माथे. नायक, निशाणधारी आणि नगारेवाला यांना जादा तास द्यावेत. मधल्या रांगेतल्या शिपायाच्या पट्ट्याला देऊ नयेत. ही काटकसर आळसातून आलेली नसते. समोरची वस्तू कशी पाहिली जाणार आहे, याचा तो अभ्यास असतो.

तिसरा घटक स्पर्श, आणि इथे वॉर्निशचे प्रकरण सुरू होते. आजचे बहुतेक रंग पाण्यातले अ‍ॅक्रिलिक असतात. पाण्यात रंगद्रव्य आणि अ‍ॅक्रिलिकचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांत मिसळून पातळ पापुद्रा धरतात. हा पापुद्रा काही मिनिटांत हाताला कोरडा लागतो, पण पुरता कडक व्हायला जास्त वेळ घेतो, आणि कडक झाल्यावरही तो घर्षणापुढे नाजूकच असतो. आता पुतळीला बोटे कुठे लागतात ते पाहा. नाकाचा शेंडा, बोटांची पेरे, खांद्यावरचे चिलखत, झग्याची कड, तलवारीचे टोक. म्हणजे सगळे उंचवटे. आणि रंगकाराने सर्वांत फिकट, सर्वांत कष्टाच्या आणि सर्वांत शेवटच्या रेघा ओढल्या आहेत त्या याच उंचवट्यांवर. खोल भागातला गडद वॉश वर्षानुवर्षे सुखरूप राहतो. उजळ कड आधी झिजते आणि खालचे अस्तर दिसू लागते. धातूच्या पुतळीत हा धोका अधिक, कारण ती जड असते, आपटली की जोरात आपटते आणि गुळगुळीत धातूवर रंगाची पकड मुळात कमी असते. बोटांचा घाम आणि तेल आपले काम करतातच. त्यामुळे वॉर्निश नसलेल्या सैन्यात सर्वांत चांगले काम सर्वांत आधी नष्ट होते. वॉर्निश लावले की झीज रंगाऐवजी त्या पारदर्शक थरावर येते, आणि तो थर पुन्हा देता येतो.

यावर जाणकारांचा एक रास्त आक्षेप आहे: वॉर्निश रंग बिघडवते. ग्लॉसने पुतळी ओल्या खेळण्यासारखी दिसते आणि मॅटने गडद रंगांवर पांढुरकी झाक येते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. चकचकीत पृष्ठभाग खोलीतल्या दिव्याचे प्रतिबिंब दाखवतो. लहान वस्तूवर उमटलेला तो झगझगीत ठिपका तिचे खरे आकारमान डोळ्याला सांगून टाकतो. छत्तीस मीटरवरच्या शिपायाचा भास तिथे मोडतो. मॅट वॉर्निशमध्ये सिलिकासारखी बारीक पूड असते. ती पृष्ठभागाला सूक्ष्म खडबडीतपणा देते, उजेड सगळीकडे विखुरते आणि चकाकी मारते. पण विखुरलेला तोच उजेड काळ्या रंगावर राखेसारखा दिसतो, आणि पूड जास्त झाली की थर तुलनेने कमकुवत होतो. यावर अनुभवी मंडळींनी रुळवलेला मार्ग दोन थरांचा आहे. आधी ग्लॉसचा पातळ थर संरक्षणासाठी, तो पुरता वाळल्यावर मॅटचा पातळ थर दिसण्यासाठी. धातूच्या रंगात अभ्रकाचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे चमकणारे कण असतात आणि मॅट त्यांना निस्तेज करते. म्हणून तलवारी आणि चिलखते शेवटी सॅटिन किंवा ग्लॉसने ब्रश फिरवून पुन्हा जागी करावी लागतात. पाण्याचा थेंब, राक्षसाची लाळ, डोळ्यांची बुबुळे यांनाही तोच न्याय. अशा तऱ्हेने वॉर्निश केवळ कवच राहत नाही. कापड कोरडे, चामडे किंचित तुकतुकीत आणि पोलाद झळाळते दिसावे, हा पोतांचा भेद त्यानेच घडवता येतो.

आपल्या हवामानात या प्रकरणाला वेगळी निकड आहे. परदेशी डब्यांवरच्या सूचना थंड आणि कोरड्या खोल्या गृहीत धरून लिहिलेल्या असतात. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात मॅट स्प्रे मारला, तर दमट हवेमुळे थर दुधाळ होण्याची भीती मोठी. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी याच्या उलट संकट येते: फवाऱ्यातले थेंब पुतळीपर्यंत पोचण्याआधीच अर्धे वाळतात आणि पृष्ठभागावर धूळ बसल्यासारखा खरखरीत थर जमतो. या दोन्हींवर उपाय म्हणजे ब्रशने लावायचे पाण्यातले वॉर्निश. ते पातळ लावावे, खाचांत तळी साचू देऊ नयेत, आणि मॅटची बाटली आधी भरपूर हलवावी, कारण पूड तळाशी बसते. न हलवलेल्या बाटलीतून वर निघते ते जवळजवळ ग्लॉस आणि तळाशी उरतो तो खडूचा काला. एखाद्या टाकाऊ पुतळीवर किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीच्या तुकड्यावर आधी चाचणी घेणे, आणि स्प्रेच हवा असेल तर कोरड्या हवेची सकाळ निवडणे, एवढी शिस्त बाळगली तर बहुतेक अपघात टळतात.

आता मोठ्या आक्षेपांकडे वळू. पहिला असा की खरी कला प्रदर्शनातल्या एकट्या पुतळीत आहे. सैन्याचे रंगकाम ही तडजोड. गोल्डन डेमनमधली बक्षीसपात्र पुतळी पाहिली की या म्हणण्याचे वजन कळते, आणि तिच्यातले कौशल्य नाकारण्याचा माझा हेतू नाही. पण त्या कौशल्याची गृहीतके वेगळी आहेत. धातूचा रंग न वापरता करड्या-निळ्या छटांनी पोलादाचा भास निर्माण करण्याचे तंत्र घ्या. त्यात उजेड कोणत्या दिशेने येतो आणि पाहणारा कुठे उभा आहे हे रंगकार ठरवतो. काचेच्या कपाटात हे ठरवणे टिकते. टेबलावर पुतळी दर फेरीला वळते, प्रतिस्पर्धी तिला पाठीमागून पाहतो आणि दिवा तिसऱ्याच बाजूला असतो. तिथे रंगवलेला उजेड आणि पडलेला उजेड यांचे भांडण होते, तर खरा धातूचा रंग प्रत्येक बाजूने आपोआप चमकतो. म्हणजे एका संदर्भात जे श्रेष्ठ ते दुसऱ्यात गैरसोयीचे ठरते. दोन कामांत वरची-खालची पायरी नाही. त्यांची उद्दिष्टे निराळी आहेत. सैन्य रंगवून झाल्यावर ज्याला एकच पुतळी महिनाभर रंगवावीशी वाटेल त्याने जरूर रंगवावी. पहिल्या शिपायालाच महिना देणाऱ्याचे सैन्य मात्र कधी उभे राहत नाही.

दुसरा आक्षेप नव्या साधनांचा. २०१९ साली सिटाडेलने 'कॉन्ट्रास्ट' रंग आणले. फिकट अस्तरावर त्यांचा एक हात दिला की रंग खाचांत गडद साचतो, उंचवट्यावर पातळ राहतो आणि सावली-उजेड एकदमच मिळतात. त्याआधी डेन्मार्कच्या 'आर्मी पेंटर' कंपनीचे 'क्विकशेड' आले होते, आणि त्याच्याही आधी लाकडी फर्निचरसाठी विकले जाणारे तपकिरी पॉलियुरेथेन वॉर्निश काही खेळाडू वापरत: सपाट रंग दिलेली पुतळी त्यात बुडवायची, झटकायची आणि वाळू द्यायची. हे आयते रंगकाम असून यात हाताचे कसब उरत नाही, असे म्हटले जाते. माझ्या मते या पद्धतींनी माझ्याच मुद्द्याला पुरावा दिला आहे. फर्निचरच्या वॉर्निशमध्ये बुडवलेल्या पुतळीत सावली आणि संरक्षण हे एकाच द्रव्याचे दोन गुण होते. रंगकाम कुठे संपते आणि टिकवण्याचे काम कुठे सुरू होते, ही सीमाच तिथे नव्हती. टेबलासाठी रंगवणाऱ्यांनीच ती युक्ती शोधली, कारण गरज त्यांची होती. आणि कसब उरत नाही हे खरे नाही. कोणत्या अस्तरावर कोणता रंग, साचलेले थेंब कधी टिपायचे, चकाकी कशी मारायची, कुठे थांबून ब्रशने एक उजळ रेघ घालायची, हे निर्णय यंत्र घेत नाही. साधन वेगवान झाले की वाचलेला वेळ रंगसंगती ठरवण्याला, चेहऱ्यांना आणि तळव्यांना देता येतो.

तिसरा आक्षेप अधिक कडक आहे. हा सारा प्रकार विक्रेत्यांनी रचलेला, पुतळ्या त्यांच्या, रंग त्यांचे, कोणत्या फौजेला कोणता रंग तेही त्यांच्याच पुस्तकात, मग रंगवणाऱ्याचे स्वतःचे असे काय? वॉरहॅमर मुळात पुतळ्यांचा खप वाढावा म्हणूनच तयार करवून घेतला गेला, हे त्याच्या कर्त्यांनी लपवलेले नाही. छंद महाग आहे, आणि भारतात आयातीमुळे तो आणखी महाग पडतो, हेही खरे. पण विकत मिळते ते बिनरंगी प्लॅस्टिक. त्याच पुतळ्यांवर १९९० च्या दशकाच्या आरंभी लालभडक आणि हिरवेगार, तळव्याच्या कडेपर्यंत उजळ असे रंग चढत. त्याच कंपनीचे कलादिग्दर्शक जॉन ब्लांच मात्र मातकट पिवळे, सेपिया आणि जुन्या रक्तासारखे तांबडे एवढ्याच मोजक्या छटांत काम करत. एकाच ओतकामातून दोन परस्परविरोधी जगे निघतात, याचा अर्थ निर्णय ब्रश धरणाऱ्याचा आहे. कंपनीने छापलेले रंग हा आराखडा मानावा. दुसऱ्या कंपनीचे, स्थानिक दुकानातले अ‍ॅक्रिलिकही पातळ करून चालतात, आणि ज्याला जे परवडते त्यात सैन्य उभे राहते. पाच बाटल्यांत रंगवलेली फौज पन्नास बाटल्यांच्या फौजेपेक्षा एकसंध दिसण्याची शक्यता जास्त असते.

चौथा प्रश्न खेळाच्या बाजूने येतो: निकाल फाशांनी लागतो, मग रंगाची गरजच काय? प्रशियाचे ठोकळे आठवले तर हा प्रश्न बिनतोड वाटतो. तरीही वॉरहॅमर ४०,००० च्या २०२० सालच्या नवव्या आवृत्तीत शंभर गुणांपैकी दहा गुण सैन्य पूर्ण रंगवलेले असण्यासाठी ठेवले गेले, आणि त्याची अट फार माफक होती: मुख्य रंग भरलेले आणि तळवे पुरे केलेले. काहींना हा अन्याय वाटला, कारण वेळ नसलेल्याला किंवा ज्याचा हात थरथरतो त्याला तो भुर्दंड होतो. त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे आणि मित्रांच्या खेळात हे गुण सोडून द्यावेत असेच मी म्हणेन. पण नियमामागचा विचार समजण्याजोगा आहे. रंग हे समोरच्या खेळाडूशी बोलण्याचे साधन आहे. भालाईत कोण, धनुर्धर कोण, सेनापती कुठे उभा आहे हे त्याला टेबलापलीकडून कळावे लागते. शिवाय हा खेळ ठोकळ्यांच्या गणितासाठी कुणी खेळत नाही. दोघे मिळून एक कथा घडवतात, आणि रंगवलेले सैन्य हा त्या कथेला दिलेला आपला वाटा असतो. युद्धाचे कौतुक या खेळातून होते का, ही शंकाही मनात येऊ शकते. वेल्स यांनी पहिल्या महायुद्धाच्या आदल्या वर्षीच आपल्या पुस्तकात छोट्या लढाईला खऱ्या लढाईविरुद्ध उभे केले होते आणि कौल छोटीच्या बाजूने दिला होता. ज्या युद्धात मेलेला शिपाई पुढच्या रविवारी पुन्हा उभा राहतो, आणि जिथे खेळणाऱ्याच्या हाताला शंभर चेहरे एकेक करून रंगवण्याची सवय लागते, तिथे क्रौर्याला फारसा थारा मिळत नाही.

या भूमिकेमुळे पुढच्या प्रकरणांचा क्रम नेहमीपेक्षा वेगळा झाला आहे. वॉर्निश आणि हाताळणी आधी, म्हणजे शेवटी काय टिकवायचे आहे ते डोळ्यांपुढे राहील. त्यानंतर तळवे, कारण संपूर्ण सैन्याला एकत्र बांधणारी गोष्ट तीच. मग मोजक्या रंगांची निवड, अस्तर, तुकडीने रंगवण्याची रीत, वॉश आणि कोरडा ब्रश. आणि सर्वांत शेवटी चेहरे, निशाणे आणि नायकांसाठीची बारीक तंत्रे. वाचकाला एक विनंती आहे. पुस्तक वाचून संपवण्याची वाट पाहू नका. पहिली तीन प्रकरणे झाली की दहा पुतळ्या घ्या, पाच रंग घ्या, त्या पुऱ्या करा आणि वॉर्निश लावून खेळायला काढा. काम कसे झाले हे भिंगाखाली धरून ठरवू नका. टेबलावर मांडा, हातभर मागे सरका आणि तीन प्रश्न विचारा: ही एक तुकडी वाटते का, कोण कोण आहे ते समोरच्याला कळते का, आणि खेळ संपल्यावर रंग जागेवर आहे का? तिन्हींना होकार आला तर काम चांगले झाले. एखादा होकार हुकला, तर पुढच्या दहा पुतळ्यांच्या वेळी नेमके काय बदलायचे ते तुम्हाला कळलेले असेल, आणि सैन्य रंगवायला शिकण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला ठाऊक नाही.